दत्ताराम मिस्त्रीच्या सँडल

"मिस्त्री फाजील आत्मविश्वासाने गेले. झाकण उघडले आणि थेट टाकीत उतरले. त्यांना वाचवायला मागोमाग मजूर उतरला, तो नशिबाने बचावला." वरसे येथील त्या घरमालकाने तेराव्याच्या दिवशी चारचौघांत हे सांगितले आणि रोह्यापासून पेणपर्यंत लोक आता तेच सांगतात. मला ते मान्य नाही. बातमी आली तेव्हा मी चहा घेत होतो. तो कप कोणी उचलला, मला आठवत नाही... महिना उलटला, तरी फोन वाजला की हात आधी दत्तारामच्याच नावाकडे जातो.

माझ्या पेणच्या घराची सेप्टिक टाकी दत्तारामने बांधली. आमची मैत्री भांडणातून झाली. टाकीतला वायू बाहेर सोडणारा उभा पाईप त्याने ऐन दर्शनी बाजूस लावला, म्हणून मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, टाकी श्वास घेते. तिला नाक नको? तुमचं नाक काय पाठीला हाय?" त्याची बायको सुमनवहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पाईप तिथेच राहिला.

पुढे आतली भिंत झिरपू लागली, तेव्हा त्याचे काम मी जवळून पाहिले. गाडी लावून टाकी उपसली, तरी दोन दिवस झाकणे उघडी ठेवून तो उतरेना. मी घाई केली तर म्हणाला, "घाई तुमची, जीव माझा. थांबा." मग कमरेला दोर बांधला, त्याचे टोक दोघांच्या हाती दिले आणि काठावर बसून पायांतल्या पट्ट्याच्या सँडल काढून शेजारी जोडीने ठेवल्या. "खाली बुळबुळीत असतं. बोटांना जमीन कळाया पायजे." नंतरही अनेक टाक्यांवर मी त्याच्यासोबत उभा राहिलो. सँडल काढल्याशिवाय तो एकदाही उतरला नाही.

वरसे येथे गणपतीला पाहुणे येणार म्हणून मालकाने तिथल्या टाकीचा तसाच पाईप कापून वर फरशी बसवली होती. टाकी तुंबली, तेव्हा दत्ताराम आदल्या संध्याकाळी वहिनींना म्हणाला होता, "उद्या नुसतं झाकण उघडून येतो गो. उतरायचं परवा." मजुराला त्या सकाळचे काही आठवत नाही. मालकाला मात्र सगळे आठवते, आणि त्यात आधी दत्ताराम उतरतो.

मी विचारतो, आधी कोण उतरले, आणि कोण कोणाला वाचवायला? वहिनी लोकांसमोर मान खाली घालतात, ते मला पाहवत नाही. ज्याने आयुष्यभर इतरांना थांबवले, त्याला उतावळा ठरवू देणार नाही.

रोह्याच्या दवाखान्यात मी पोहोचलो, तेव्हा चादर पायांवरून सरकली होती. दोन्ही पायांत सँडल होत्या, पट्टे घट्ट लावलेले.