हाताने घडवलेली गाडी आणि मी पाडलेला ओरखडा

माझ्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला मधुरानं एका कारखान्याच्या टूरची दोन तिकिटं काढली. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका लहानशा गावात अजूनही हातानं ग्रँड टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या वेगवान, आलिशान गाड्या बनवतात, तो कारखाना. "शेवटी माझी आवड कळली तुला," मी म्हणालो. मोटरवेवर मधल्या लेनमध्ये ताशी पासष्ट मैलांच्या वेगानं हायब्रिड चालवणाऱ्या नवऱ्याचं हे वाक्य तिनं हसण्यावारी नेलं.

लीड्सहून एम-वन मोटरवेनं दोन तास लागतात, पण सकाळी सातला निघालात तर. आम्ही साडेआठला निघालो आणि शेफिल्डपाशी रोडवर्क्समध्ये पाऊण तास मेथीचे पराठे खात बसलो. टूर आधी बुक करावी लागते. बूट जाड तळाचे घाला, जमिनीवर पत्र्याचे तुकडे असतात.

गाड्यांवर ओरखडे उठू नयेत म्हणून रिसेप्शनवरच्या बाईंनी घड्याळ, पट्ट्याचं बकल, अंगठ्या सगळं काढून ठेवायला सांगितलं. माझ्या डाव्या हातातली पुष्कराजाची अंगठी निघेना. मी हाडांचा सर्जन, विज्ञान वगैरे मानणारा, तरी ही आईनं ज्योतिषाला विचारून घालायला लावलेली अंगठी बोटात रुतून बसलीय. ऑपरेशनच्या दिवशी साबण लावून निघते, इथे साबणही हरला. बाईंनी तिच्यावर निळी टेप गुंडाळली. पहिल्याच फोटोत ती फार वाईट दिसली, म्हणून मी टेप काढून खिशात टाकली.

आत ग्रॅहम भेटला. साठीचा, बुटका, बोलण्यात काटकसरी. गेली पस्तीस वर्षं तो गाडीची पुढची मडगार्डं घडवतोय. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा दोन रुळांमधून पुढेमागे सरकवत राहायचा, दाब किंचित बदलायचा, आणि पत्रा हळूहळू पोटासारखा फुगतो. साचा नाही. एका मडगार्डाला तीन दिवस. मध्येच तो हातात सुती मोजा घालून, डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा.

"मोजा कशाला?" मी विचारलं.

"उघडा हात घसरत नाही, अडकतो. मोज्यातून उंचवटा कळतो."

मलाही करून बघायचं होतं. "माझे हातही याच कामाचे आहेत," असं मी त्याला ऐकवलं. त्यानं मोजा दिला. मी उजव्या हातात घातला, डोळे मिटले, मला काहीही कळलं नाही. तोल सावरायला अंगठीचा डावा हात टेकला, तेव्हा मात्र कळलं. बारीक किरकिर झाली. ग्रॅहम दुसऱ्या कुणाशी बोलत होता. मडगार्डावर बोटभर ओरखडा उठला होता.

मी मोजा परत ठेवला आणि तसाच निघालो. पुढे लाकूडकाम बघितलं, एकाच झाडाच्या पातळ चकत्या डॅशबोर्डवर आरशासारख्या समोरासमोर जुळवलेल्या. चामड्याच्या शिवणी बघितल्या. खरं तर काहीच बघितलं नाही. कॅन्टीनमध्ये चिकनचं सारण भरलेला इंग्लिश पाय समोर आला आणि मी काट्यानं नुसते त्याचे तुकडे करत बसलो.

"काय झालं?" मधुरानं विचारलं. मी सांगितलं.

ती काटा खाली ठेवून म्हणाली, "चूक झाली की लगेच सांगा, असं लेक्चर दर वर्षी ज्युनिअर्सना तूच देतोस ना?"

मी परत गेलो. ग्रॅहमला जागा दाखवली, टेप काढल्याचंही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. जास्त घासला तर पातळ पडून टाकून द्यावा लागणार. तीन दिवस वाया.

"सांगितलं नसतंस तर रंग दिल्यावर दिसलं असतं," तो म्हणाला. "तेव्हा सगळीच गाडी उघडावी लागली असती. धर इथे."

शुक्रवार होता. कारखाना दुपारी एकला सुटतो. बाकीचे घरी गेले आणि मी टोक धरून उभा, तो आधी आतून हलके ठोकतोय, मग कानस फिरवतोय. दर थोड्या वेळानं जाडी मोजायचा आणि मी आकडा बघायला वाकायचो. चाळीस मिनिटांनी त्यानं मोजा घालून हात फिरवला, दोनदा, आणि मान हलवली. वाचलं होतं.

"थँक्यू," मी म्हणालो.

"टेप लावत जा," तो म्हणाला आणि डबा उचलून घरी गेला.

परतीला गाडी मधुरानं चालवली. मी खिशातली निळी टेप उलगडत बसलो.

सोमवारी क्लिनिकनंतर आमची एक ज्युनिअर डॉक्टर दारात उभी राहिली. सकाळी मनगटाचं एक बारीक फ्रॅक्चर तिच्या नजरेतून निसटलं होतं. तिला आत्ता एक्स-रे पुन्हा बघताना दिसलं. पेशंटला तिनं फोन करून परत बोलावलं होतं. एरवी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिसलं कसं नाही?" तो ओठांवर आलाही होता. मी तिला खुर्ची दिली.

"किती वेळानं सांगायला आलीस?"

"लगेच. पाच मिनिटं झाली असतील."

मला तासभर लागला होता, आणि तेही बायकोनं हाकललं म्हणून. हे मी तिला सांगितलं, मडगार्डासकट. तेव्हा कुठे ती खुर्चीत नीट टेकून बसली. मग आम्ही दोघं एक्स-रे बघायला लागलो.