उर्मिला बिकानेरले जेवाले गेली

मोहगावात पोरी लय झाल्या, पण आमच्या उर्मिलेसारखी भाकर थापणारी एक तं दाखवून द्या! कापूस वेचणारी माणसं असोत नाही तं लग्नाचा मांडव असो, लहानपणापासून ही पोरगी चुलीपुढे बसे आन भाकर अशी टम्म फुगे की जेवून उठलेला माणूस परत ताटावर बसे. पांढुर्ण्याची मंडळी तिले पाहाले आली तेव्हा त्यायनं रूप पाहिलं नाही का रंग पाहिला नाही. भाकर खाल्ली आन सुपारी फोडली.

नवरा श्रीधर, पांढुर्णा टेसनावर पार्सल बाबू. हंगामात संत्र्याच्या टोपल्या गाडीत चढवून द्याच्या हे त्याचं काम. माणूस भला, पण घर मोठं. आधी सासरा आन दीर जेवत, मंग पोरं, मंग सासू, मंग श्रीधरची विधवा आत्या अंबाबाई. सगळ्यायचं आटोपलं की उर्मिला उरलेली भाकर घेऊन बसे. थंडगार, कडा चामड्यावाणी. अख्ख्या घराले गरम खाऊ घालणाऱ्या बाईनं लग्न झाल्यापासून गरम घास तोंडात घातला नव्हता. पण तोंडातून हूं की चूं नाही. मोहगावचं पाणीच तसं हाये.

एक दिवस श्रीधर जेवता जेवता गोष्ट सांगू लागला. जिनिंगवाल्या शेठचा मुनीम बिकानेरचा होता, तो पार्सल ऑफिसात येऊन आपल्या गावाच्या बढाया मारे.

"तिथी म्हणे बासे असतात. बासा म्हणजे खानावळ. आपण निस्तं बसाचं. फुलका तव्यावरून उतरला की थेट ताटात. नाही म्हटलं तरी वाढणारा ऐकत नाही."

उर्मिला वाढता वाढता थांबली. "बाया बी जेवतात तिथी?"

"कायले नाही जेवणार? शहर हाये ते."

हे त्यानं अंदाजानं ठोकलं होतं. पण उर्मिलेच्या मनात ते जाऊन बसलं ते बसलंच.

मंग ते वर्ष आलं, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आन आपण इकडे मध्यप्रदेशात राहिलो ते. श्रीधरले रेल्वेचा पास मिळणार होता. घरचे म्हणत, काशी करून ये. श्रीधरनं बायकोले विहिरीवर गाठून हळूच विचारलं, "तुले कुठी जावंसं वाटते?"

"बिकानेर."

"काय हाये तिथी? रेती हाये, उंट हाये."

"बासा हाये," उर्मिला म्हणे. "मले तुमच्या शेजारी बसून एक डाव गरम जेवाचं हाये. दुसऱ्यानं वाढलेलं. बाकी किल्ला दाखवा नाही तं नका दाखवू."

श्रीधरले हसू आलं, पण तिचं तोंड पाहून त्यानं ते गिळलं. "दिला शब्द," म्हणे.

संत्र्याचा हंगाम सरल्याशिवाय सुट्टी कुठची? निघाले तेव्हा चैत्राचं ऊन तापलं होतं. बाजारातले लोक हसत, "काय गा बाबू, पांढुर्ण्याचं ऊन पुरत नाही का तुले?" हसणारे हसोत. पांढुर्णा-सौसरातून निस्ती सहल कराले बिकानेरले गेलेली दुसरी बाई असन तं नाव सांगा. उर्मिलेनं आपली दोन्ही पोरं मोहगावले मामाकडे ठेवली, तिथी त्यायले कशाची कमी नव्हती.

पण सासूनं ऐन वेळेवर खुट्टी मारली. "नवरा-बायको एकटेच? लोक काय म्हणतीन?"

"मी जातो संगं," अंबाबाई म्हणे. तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा काढला, हंगामातली उरलीसुरली संत्री काढली, तवा काढला, उलथनं काढलं. "परमुलखात कोणाच्याही हातचं खाऊन मी बाटणार नाही, सांगून ठेवतो."

तो तवा पाहून उर्मिलेनं ओळखलं, बिकानेरातही चूल आपलीच.

भोपाळ आलं तशी अंबाबाईनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "हेच का रे आपल्या राज्याचं मोठं गाव?"

"हो आत्या, राजधानी."

"मंग नागपुरानं काय घोडं मारलं होतं?"

अख्खा डबा हसला. असे गाड्या बदलत, धुरानं काळे होत तिघं बिकानेरले पोचले आन एका धर्मशाळेत उतरले.

पाहाले तं लय होतं. लाल दगडाचा किल्ला, आत भिंतीवर सोन्याची नक्षी. राणीच्या महालात दगडाची जाळी होती, उर्मिला तिले डोळा लावून उभी राहिली. खालचा चौक सारा दिसे, पण चौकातून वर कोणी दिसे ना. "राणीचंही आपल्यासारखंच होतं म्हणा," ती म्हणे. बाजारात उंटाच्या गाड्या, कढईतून निघणारे भुजिये, हवेल्यायच्या दगडाले लुगड्याच्या काठावाणी नक्षी. जवळच्या देशनोक गावातल्या देवीच्या देवळात तं उंदरायचं राज्य, पायावरून धावत. अंबाबाईनं त्यायले दूध पाजलं आन मंग स्वतःच कपाळावर हात मारला, "घरी चाप लावतो न इथी नैवेद्य दाखवून राहिलो!"

रेतीच्या टेकडीवर उंटावर बसली तेव्हा मात्र उर्मिलेनं कमाल केली. उंट उठताना भले भले बोंबलतात. श्रीधर बोंबलला. आमची उर्मिला खोगिराचा खुटा धरून ताठ बसून राहिली.

पण धर्मशाळेत परतलं की अंबाबाईची हाक ठरलेली. "सूनबाई, चूल पेटव." श्रीधर जेवे, आत्या जेवे, मंग उर्मिला. तेच पांढुर्णा, निस्ती रेती जास्त. श्रीधर रोज म्हणे, आज आत्याले सांगतो. आन रोज तोंडात मिठाची गुळणी धरून बसे.

परतीची गाडी उद्याची. उर्मिलेनं पीठ काढलं न काढलं, तशी आंधी आली. आभाळ पिवळं झालं, डोळे उघडता येईनात. थांबली तेव्हा काठवटीतल्या पिठात रेती, डब्यात रेती, दातात रेती.

"आता?" अंबाबाई म्हणे. "मी संत्र्यावर राहतो आज. तुम्ही तुमचं पाहा कुठी."

उर्मिलेनं नवऱ्याकडे पाहिलं. श्रीधरनं चपला घातल्या. रस्ताभर ती त्याच्या मागून नाही, बरोबरीनं चालली, इतकी घाई.

बासा सापडला. आत पाटावर माणसं बसली होती, तव्यावरून फुलके उतरत होते, तुपाचा वास रस्त्यावर येऊन राहिला होता. मालक दारात आडवा आला. "बाबूजी, आप आइए. बाईसा अंदर कैसे बैठेंगी? मरद लोग खाना जीम रहे हैं. बाँधकर दे देता हूँ."

"का बरं? पैसे देऊन राहिलो ना आम्ही!" श्रीधरचा आवाज चढला. "एका कोपऱ्यात बसवा आम्हाले!"

मालक हात जोडे, पण हटे ना. उर्मिलेनं नवऱ्याची बाही ओढली. "चला. बांधलेलं थंडच होते."

धर्मशाळेत परतले तं अंबाबाई दारातच. "जेवले?"

"बायायले आत बसू देत नाहीत," श्रीधर म्हणे. उर्मिला खांबाले टेकून बसली आन लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या माणसापुढे मन मोकळं करून बोलली. "आत्याबाई, किल्ला पाहाले नव्हती आली मी. मले एक डाव गरम जेवाचं होतं. दुसऱ्यानं वाढलेलं. गरम भाकर कशी लागते तेच विसरून गेली मी."

अंबाबाई ताडकन उठली आन चौकीदाराच्या बायकोकडे गेली. तिथून बाजरीचं पीठ मागून आणलं, काठवट घासली, चूल पेटवली. दोन पाट शेजारी शेजारी मांडले.

"बसा."

"आत्याबाई, मी थापतो—"

"बस म्हटलं ना!" अंबाबाईनं उलथनं दाखवलं. "शिरधर, धरून बसव हिले."

बाजरीची सवय नाही, भाकर थापायची सवय सुटलेली. पहिली भाकर मोडली, दुसरी नकाशावाणी झाली. उर्मिलेचे हात शिवशिवत होते, पण श्रीधरनं तिचं मनगट सोडलं नाही. मंग एक फुगली. अंबाबाईनं ती तव्यावरून उचलली आन श्रीधरचं ताट सोडून सरळ उर्मिलेच्या ताटात टाकली. वर तेल, तिखट, कांदा.

उर्मिलेनं घाईघाईनं तुकडा मोडला न तोंडात घातला. अन् जीभ पोळली. डोळ्यात पाणी आलं, तोंड उघडून हा-हू करू लागली.

"फुंकर मार ना पोरी," अंबाबाई दुसरी भाकर थापता थापता म्हणे, "कोणी हिसकून नाही नेऊन राहिलं तुह्यं."