चौथा ‘उलटा वार’

भूत-बित, चमत्कार-बिमत्कार मी मानत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे... पेशंट ‘नजर लागली’ म्हणाला, तरी मी आधी खांदा हलवून बघते. तरीही हे लिहितेय.

मी अमरावतीची, मयूर अकोल्याचा. ओळख झाली ती जादूगार-राक्षसांच्या कार्डगेमच्या स्पर्धेत. लग्न ठरलं आणि प्रश्न आला – राहायचं कुठे? माझं अमरावतीचं क्लिनिक नुकतंच जम धरू लागलं होतं, त्याची कॉलेजात नोकरी अकोल्याला. शेवटी ठरलं, एक डाव खेळायचा. हरेल त्याने गाव सोडायचं.

रविवारची दुपार, मयूरचं घर, कूलर घरघरतोय. पैज मोठी, म्हणून त्याने माझा डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, स्वतः मोजला, स्वतः पिसला. मी त्याचा.

आमच्या खेळात एका लढाईत एकच मंत्र टाकता येतो. माझ्या वनराणी या कार्डाला मात्र जादा मंत्र चालतो – हातात असला तर! शत्रूचा हल्ला त्याच्यावरच फिरवणारा ‘उलटा वार’ हा माझा लाडका. एका डेकमध्ये तो तीनदाच ठेवता येतो.

मयूरचा अग्निराक्षस अंगावर आला. एक मंत्र टाकला, पुरला नाही; हातात दुसरा नव्हता. क्लिनिक डोळ्यांसमोर तरळलं. देवाचं नाव न घेता डेकमधून कार्ड ओढलं... ‘उलटा वार’! टाकला. राक्षस खलास! मी खुर्चीवर चढून नाचले.

मयूर मात्र टेबलावरची कार्डं मोजू लागला. माझे तिन्ही ‘उलटे वार’ आधीच वापरून बाजूला पडले होते. हा चौथा. माझ्याच हिरव्या कव्हरात. त्याच्याकडे ते कार्ड कधीच नव्हतं. डेक पुन्हा मोजला – एक कार्ड जास्त.

माझे हात गार पडले. डेकमध्ये जादा कार्ड निघालं की तो खेळाडू हरला. मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम. मी हरली. मी येते अकोल्याले.”

“कायची हरली? डेक मीच मोजला न्, मीच पिसला न्? तू जिंकली. मी येतो अमरावतीले!”

“मी हरली म्हणते ना!”

“नाई, मीच हरलो!”

जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्याशी हरण्यासाठी भांडत होतं. चौथ्या कार्डाची भीती कुठल्या कुठे पळाली आणि मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. सासूबाई, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या, स्वयंपाकघरातून आल्या.

“काहून भांडून राहिले बाप्पा? मंधात मूर्तिजापूर हाये ना! दोन्हीकडं गाड्या जातेत. तिथं राहा... अन् आता जेवाले चाला.”

ते कार्ड आलं कुठून, हे आम्हाला अजूनही कळलेलं नाही. मयूर गणिताचा मास्तर, त्याने कागदावर मांडून पाहिलं आणि हात टेकले.

रोज सकाळी तो अकोल्याची गाडी धरतो, मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याची. घरमालक विचारतात, दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना, मग मूर्तिजापूरच काहून? मी सांगते, काका, इथून आमच्या दोघांचंही माहेर जवळ पडतं.