उघड्या खात्याची राखण

शनिवार पेठेतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एकच संगणक आहे. कुणी पासवर्ड टाकू लागलं की दुकानदार भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि गिऱ्हाईक उठताना विचारतात, "लॉगआउट केलंत?" मला हा प्रश्न जरा लागायचा. मी आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचा ॲडमिन. त्याबद्दल समितीने मला शाल-श्रीफळ दिलं आहे, आणि हे मी दुकानदारांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

एकदा ते झेरॉक्स काढण्यात गुंतले असताना मी सभेची सूचना छापून घाईत निघालो. नदीच्या पुलापाशी आठवलं, की साइट तशीच उघडी राहिली आहे. पुढच्या माणसाने एक बटण चुकीचं दाबलं, तर सभासदांची सगळी यादी जाणार. धावत परतलो.

संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकलेला होता. शेजारी स्टुलावर दुकानदार बसले होते आणि तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"अहो, तुम्हीच बंद करायचं की," मी धापा टाकत म्हणालो.

"खातं तुमचं. शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं तर मी दारात बसेन, आत नाही शिरणार."

मी लॉगआउट केलं. तोवर ते भिंतीकडेच बघत होते.

"झालं?"

"झालं."

"मग आता या तिघांना सॉरी म्हणा, ॲडमिनसाहेब."

तिघांनाही म्हटलं. शाल मिळाली त्या दिवशीही मला ते पद इतकं खरं वाटलं नव्हतं.