महिनाभर दूध नको

बत्तीस वर्षं दोहात राहून ज्याने दोहा पाहिलेलंच नाही असा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो आमच्या भिंतीपलीकडे राहायचा. दोहाच्या मदिनत खलीफा वस्तीतल्या एका जुन्या व्हिलाचे मालकाने सहा तुकडे पाडले होते. एकात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि आमची सई, आणि शेजारच्या तुकड्यात चाचा नि चाची. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, इथे एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचे. पण गाव विचारलं की रत्नागिरी सांगत नसत, दोहा तर नाहीच. इंग्लंडच्या उत्तरेकडचं कुठलंसं गिरणीचं गाव सांगत, आणि मग तुमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. लहानपणी त्यांचे वडील तिथे कापडगिरणीत होते. एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची घरं, परसातला संडास, कोळसेवाल्याच्या पाठीवरचं पोतं, शाळेत मधल्या सुट्टीत मिळणारी दुधाची छोटी बाटली. दिवसभर ऑफिसात फायलींशी झगडून घरी आलेल्या बाईला हे सगळं रोज ऐकावं लागलं तर काय होईल? पाठ होईल. मी इंग्लंडला कधी गेले नाही, पण तिथल्या संडासाची कडी थंडीत कशी अडकते आणि कुठे बुक्की मारली की सुटते, ते मी आजही सांगू शकते.

हवामानाचा विषय काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. जुलै महिना, बाहेर पाय ठेवला की चपलेचा तळ चिकटतोय, आणि हे गृहस्थ दारात उभे राहून आकाशाकडे बघत म्हणणार, "आज जरा उबारा वाटतोय बाय. दुपारून पाऊस येल बहुतेक." हातात छत्री. ती त्यांनी उन्हासाठी कधी उघडली नाही, कारण छत्री पावसाची. घरात मात्र हिवाळा. एसी सोळावर ठेवून, अंगात स्वेटर, पायांत लोकरी मोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, असे ते खुर्चीत बसायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे. मनात चार आकडे मोजायचे आणि बिस्किट बाहेर. पाचवा मोजला तर ते तुटतं आणि मग दिवस वाईट जातो, असं त्यांचं गणित होतं. चाची बिचाऱ्या दुसऱ्या खोलीत पंखा लावून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "मी कतारला राहतंय, ह्यो विलायतेत राहतोय. एकाच घरात."

शुक्रवारी नमाजानंतर त्यांच्याकडे सुरमई व्हायची. चांगली ताजी सुरमई. तिला कोकणातली बाई कशी न्याय देईल ते सांगायला नको, पण शुक्रवारी चाचींना स्वयंपाकघरात मज्जाव. चाचा स्वतः सरसरीत भिजवलेल्या मैद्यात बुडवून ते मासे तळत, जाड जाड बटाटे तळत, वर व्हिनेगर शिंपडत आणि सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून आम्हाला आणून देत. वर्तमानपत्र खालच्या केरळी कुटुंबाचं असायचं, त्यामुळे माशाच्या पाठीवर मल्याळम अक्षरं उमटलेली असत. आम्ही ते उभ्याने खायचं, अशी अट. बसून खाल्लं तर चव जाते म्हणे. चाची माझ्याकडे नुसत्या बघायच्या, आणि मी निमूटपणे उभी राहून खायचे, कारण आठवडाभराच्या थकव्यानंतर दुसऱ्याने रांधलेलं काहीही मला चालत होतं.

सईवर त्यांचा फार जीव. तिकडे म्हणे पोरं कुठल्याशा झाडाची टणक फळं दोरीत ओवून एकमेकांच्या फळावर हाणतात, ज्याचं फुटलं तो हरला. दोहात ते झाड कुठून आणणार? तर चाचांनी अंगणातल्या खजुराखाली पडलेले हिरवे खजूर गोळा केले, स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाडली, बुटांच्या नाड्या ओवल्या आणि व्हिलातल्या सगळ्या पोरांना कामाला लावलं. सईचा खजूर त्यांनी आदल्या दिवशी गुपचूप व्हिनेगरात बुडवून वाळवला होता. तिने सुदानी मुलांचे सात खजूर फोडले. "दिस इज चीटिंग," मुलं म्हणाली. चाचा गंभीरपणे म्हणाले, "सगळेच करतात, बोलत कोण नाय." ही सई मराठी सगळं समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि आमच्या अख्ख्या ओळखीत तिच्या इंग्रजीला उत्तर मराठीत देऊन तासन् तास गप्पा मारणारे ते एकटेच होते.

पण सगळ्यांत कहर म्हणजे चिठ्ठ्या. दोहात प्यायचं पाणी कूलरच्या मोठ्या बाटल्यांतून येतं. रिकामी बाटली दाराबाहेर ठेवायची, पाणीवाला ती नेतो आणि भरलेली ठेवतो. संपलं काम, त्यात बोलण्यासारखंही काही नाही. चाचा मात्र रिकाम्या बाटलीच्या तोंडात सुंदर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी खोचायचे. इंग्लंडात दूधवाल्यासाठी अशीच ठेवायचे ना. "कृपया आज दोन. हवा बरी आहे. आपला आभारी." पाणीवाला नेपाळी, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो दर वेळी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायचा. "दीदी, साहब क्या लिखता है?" मी दोन बोटं दाखवायचे. तो हसून दोन बाटल्या ठेवायचा, जशा नेहमीच ठेवायचा.

एकदा मी वैतागून चाचींना विचारलंच, की हे इंग्लंडात होते तरी किती वर्षं? चाची वाटण वाटत होत्या. म्हणाल्या, "पाच. पाच वर्सं राहिला तिकडं आन पन्नास वर्सं सांगतोय." पाच वर्षं! मला वाटलं होतं अर्धं आयुष्य तिथे गेलं असेल. मी त्यांना चिडवायला गेले, की चाचा, बत्तीस वर्षं इथे काढलीत, त्यातलं कधी काही सांगत नाही. त्यांनी जरा विचार केला. "इथलं काय सांगू बाय? इथं मी कामाला आलोय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याच्या हातात पत्र पडलं. प्रोजेक्ट संपला, कॉन्ट्रॅक्ट खलास, महिन्याभरात निघा. आम्ही दोघं इतके थकलो होतो की भांडणसुद्धा झालं नाही. ठरलं एवढंच, की सईला सांगायचं नाही. सुट्टीला सोलापूरला जातोय म्हणायचं, तिथे गेल्यावर हळूहळू शाळेत घालायचं. रडारड निदान आजीच्या घरी होईल. आखातातून परतणारी कितीतरी घरं असंच करतात.

बॅगा तोलायचा काटा चाचांकडे होता. तो मागायला गेले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, सईला काही बोलू नका हं, तिला सुट्टीचंच सांगितलंय. ते काटा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग आत गेले आणि आयुष्यात प्रथमच, माझ्यासमोर, त्यांनी एसी बंद केला.

"आजा आजारी हुता," ते म्हणाले. "बापाने सांगितलं, महिनाभर गावी जाऊन येऊ. बापाला इंग्लिश लिवता येत नव्हतं. मीच लिवली चिठ्ठी आन बाटलीत खोचली. 'महिनाभर दूध नको. त्यानंतर रोजच्यासारखं दोन.' दहा वर्साचा हुतो. आजा वारला, बाप राहिला, खलास. मला कोणी सांगितलंच नाय की परत जायचं नाय. मी वाट बघत बसलो." काटा त्यांनी माझ्या हातात दिला. "महिन्यानं त्यानं दूध ठेवलं असेल ना? दोन बाटल्या. दुसऱ्या दिवशी परत दोन. तिथली पाखरं झाकणाला चोच मारून वरची साय खातात. ते दूध कोणी उचललं असेल, ते मला अजून म्हायती नाय. पोरीला सांग बाय. रडू दे. पन तिच्या नावानं असं दूध ठेवून जाऊ नको."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. आधीच डोंगराएवढी कामं, त्यात हे. पण घरी येऊन मी सईला जवळ घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. "फॉरेव्हर?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसली आणि निरोप घ्यायची यादी केली: अंगणातला खजूर, शाळेच्या बसमधली आँटी, अल गराफातला करक म्हणतात त्या कडक चहाचा ठेला, समोरच्या भिंतीवरचं एका कानाचं मांजर. मी तिच्याबरोबर सगळीकडे फिरले. रडून रडून दोघींचे डोळे सुजले, पण यादी पुरी केली.

निघायच्या दिवशी सकाळी आमची शेवटची रिकामी बाटली तिने स्वतः दाराबाहेर ठेवली आणि तिच्या तोंडात चिठ्ठी खोचली. इंग्रजीत होती, मराठीत सांगायची तर अशी: "आता पाणी नको. आम्ही परत येणार नाही. आमची वाट पाहू नका. थँक यू. सई." चाचा छत्री घेऊन निरोपाला आले होते. त्यांनी चिठ्ठी काढली, चष्मा लावला, वाचली. एवढ्याशा चिठ्ठीला त्यांना फार वेळ लागला. "हां," ते म्हणाले, "अशी लिवायची असते." पाणीवाला आला तेव्हा त्यांनी त्याला तोंडीच सांगितलं, "भाई, इनका पानी बंद." चिठ्ठी काही त्याला दिली नाही. घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, पण मी मागितली नाही.

परवा चाचींचा फोन आला होता. म्हणाल्या, "ह्यो आता दुधाची गोष्ट काढत नाय. पाऊस मात्र रोज येनार म्हनतोय." इथे सोलापुरात शेजारच्या मुली संध्याकाळी आमच्या पायरीवर जमतात आणि सई त्यांना आता मराठीत सांगत असते, आमच्या दोहात असं होतं, आमच्या दोहात तसं होतं. मुली जांभया देतात. ती तिथे सगळी मिळून चार वर्षं होती. पण हे मी तिला कधी मोजून दाखवत नाही. चहा घेऊन तिथेच पायरीवर बसते आणि ऐकते.