गुळगुळीतकाकांच्या नातवाची टोपी

घरातले सगळे झोपलेत आणि मला ती टोपी काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दुपारचा एवढा उकाडा, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि गुळगुळीतकाकांच्या मांडीवर त्यांचा तान्हा नातू कानांपर्यंत लोकरीची टोपी घालून.

काका मुलांच्या हॉस्पिटलात केस उतरवायचं काम करतात. डोक्याचं ऑपरेशन ठरलं की आदल्या दिवशी वॉर्डात काका येणार. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही. हे नाव वॉर्डातल्या पोरांनीच पाडलं, आणि त्यांना ते आवडतं. दुपारनंतर फाटकाजवळ त्यांचं एका खुर्चीचं दुकान चालतं.

माझी लेक तान्ही असताना तिच्या मेंदूत पाणी साठायला लागलं. डोकं वाढत चाललेलं, टाळू फुगलेली. डॉक्टरांनी समजावलं, की डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालायची, जास्तीचं पाणी पोटात उतरून जिरून जाईल. पोटही फार कापायचं नाही, दुर्बिणीतून बघत लहानशा छिद्रातूनच नळीचं टोक जागेवर ठेवायचं. मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. काका वस्तरा घेऊन आले तेव्हा मी लेकीला पदराखाली झाकून घेतलं. ते म्हणाले, "ताई, डोकं तुम्ही धरा. आईचा हात असला की लेकरू हलत नाही." धरल्यावर माझाही जीव थाऱ्यावर आला. कानामागचे थोडेसेच केस काढून त्यांनी वस्तरा मिटला. पूर्वी अख्खं डोकं साफ करायला लागायचं, या डॉक्टरांनी माझं काम पार चिमटीवर आणलंय, अशी तक्रार त्यांनी हसत हसत केली.

लेक आता शाळेत जाते आणि घर डोक्यावर घेते. तपासणीला गेलो की तिचे केस काकाच कापतात. कानामागे नळीचा उंचवटा आला की त्यांची कात्री आपोआप हळू होते.

आज दुकानात त्यांची मुलगी बाळाला घेऊन आली होती. बाळ सारखं किरकिरत होतं. प्यायलेलं दूध भसकन ओकलं. आणि त्याची बुबुळं खाली झुकलेली, वर नुसतं पांढरं. ते डोळे मी ओळखते. उकडतंय त्याला, टोपी काढा ना, असं मी म्हटलं.

"आमच्या घराण्यात सगळ्यांची डोकी मोठीच, ताई. आतलं सामान तेवढं कमी."

त्यांची मुलगी हसली नाही. बाळाला हॉस्पिटलात डॉक्टरांना दाखवू म्हटलं की बाबा रोज उद्यावर ढकलतात, आणि टोपीला हात लावला तरी चिडतात, असं ती माझ्याकडे बघत म्हणाली. मग मी आडपडदा न ठेवता विचारलं, की का दाखवत नाही. काका कोरडा वस्तराच पुसत राहिले.

"मी रोज बघतो ना. ज्याचं डोकं केलं, तेच पोर परत माझ्यासमोर. तुमच्या हिचं नशीब जोरावर, म्हणून."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ज्याचा जन्म त्या हॉस्पिटलात गेला, त्याला तू काय सांगणार, असं म्हणून तो कुशीवर वळला. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

पण आता लिहिता लिहिता लक्षात येतंय. काकांकडे परत येतात ती नळी तुंबलेली पोरं. नळी तुंबते, हे खोटं नाही; लेकीला नुसती मळमळ झाली तरी मी तिला घेऊन हॉस्पिटल गाठते. पण ज्यांचं छान चाललंय, त्यांच्याकडे वस्तऱ्याचं काय काम? ती वरच्या मजल्यावर, तपासणीच्या रांगेत बाकांवरून उड्या मारत असतात आणि नर्सची बोलणी खातात. काका त्या मजल्यावर कधी गेलेलेच नाहीत. आयुष्यभर त्यांनी अर्धीच गोष्ट पाहिली.

आणि बाळाला उद्यावर ढकलायला वेळ नाही.

रात्री बाळ झोपत नाही, मग बाबाच त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतात, असं त्यांची मुलगी म्हणाली होती. म्हणजे ते आत्ताही जागेच असणार. त्यांना सांगते, सकाळी उजाडताच बाळाला घेऊन वर या, मी लेकीला घेऊन रांगेत उभी असेन. आणि वेळ आलीच, तर वस्तरा तुम्ही चालवा काका, डोकं मी धरते.

फोन लावतेय.