हातभर जास्तीचं कपाळ

वाल्मिक पेंटरला ओळखत नाही असा पन्नाशीपुढचा माणूस राहात्यात सापडणार नाही, आणि त्याचा चेहरा नीट आठवतो असाही सापडणार नाही. कारण साधं आहे. गुलाब टॉकीजचा सिनेमाचा बोर्ड घरच्या पडवीत रंगायचा, पण दोरानं वर चढवल्यावर कापड ताणलेल्या फ्रेमांचे सांधे रंगानं बुजवायला वाल्मिक लोखंडी सांगाड्यावर चढायचा, तोंड बोर्डाकडे आणि पाठ रस्त्याकडे. तीस वर्षं गावानं त्याची पाठच पाहिली. रंगानं कडक झालेला सदरा आणि कमरेला खोचलेलं फडकं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. ही गोष्ट मात्र त्याच्या बायकोची, गोजरबाईची आहे, आणि तिला तर बोर्डाच्या आसपास गावानं पाठमोरीसुद्धा पाहिलं नव्हतं.

गोजरबाई सोनईची. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा नवरा पेंटर आहे म्हणजे दारं-खिडक्या रंगवतो अशी तिची समजूत होती. दुसऱ्या दिवशी पडवीत पाहते तर जमिनीवर भला मोठा पुरुष आडवा, आणि त्याच्या गालावर उकिडवा बसून नवरा त्याला मिशी काढतोय. ती घाबरून चुलीपाशी पळाली. पुढं वर्षभरात तीच मांजरपाटाच्या कापडाला सरस आणि खडूची भुकटी लावू लागली, रंगात जवसाचं तेल घोटू लागली, आणि एक दिवस हिरोईनचा पदर रंगवायला नवऱ्यानं ब्रश तिच्या हातात दिला तो कायमचाच. लुगड्याची घडी कुठं मोडते, काठ कुठं वळतो हे त्याला काय कळणार? त्या दिवसापासून गुलाब टॉकीजच्या हिरोइनी अंगभर नीट नेसायला लागल्या.

बोर्डाचं एक शास्त्र होतं आणि ते वाल्मिकला तोंडपाठ होतं. हिरोचं तोंड सर्वांत मोठं, जरासं वळलेलं, एका गालावर नारिंगी उजेड आणि दुसऱ्यावर निळा. हिरोईन त्याच्या खांद्याखाली, मान कलती, ओठ फोटोत असतील त्याहून दोन हात जास्त लाल. खलनायक मागं, हिरवट. आई असलीच तर खाली, पांढऱ्या पातळात हात जोडून. मारामारी असेल तर कोपऱ्यात एक माणूस हवेत उडालेला. प्रेमाच्या सिनेमाची अक्षरं गोल, सूडाची अक्षरं दगडी आणि तडा गेलेली. शिर्डीच्या एसटीतून जाणारा माणूस खिडकीतून एकदा बघायचा आणि त्याला कळायचं की आत मारामाऱ्या किती, रडणं किती आणि बायकापोरांना न्यावं की नाही. अक्षर वाचता न येणारी बाईसुद्धा बोर्ड वाचायची. आताच्या फ्लेक्सवर सगळ्यांचीच तोंडं सारखी गोरी. वाढदिवस कुणाचा आणि श्रद्धांजली कुणाला, हे खाली वाचल्याशिवाय कळत नाही.

रंगाचा अंदाज यावा म्हणून वाल्मिक स्टँडवरच्या रद्दीवाल्याकडून सिनेमाची मासिकं आणायचा. त्यांच्या मुखपृष्ठांचंही ठरलेलं असायचं. एकटी हिरोईन, नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यात, आणि मासिकाच्या नावाची दोन अक्षरं तिच्या केसांमागं दडलेली. गोजरबाईला हे फार आवडायचं. बाई एवढी मोठी की छापलेल्या नावानंसुद्धा तिच्यासाठी सरकून घ्यावं. ती कव्हरं तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली, अजून आहेत.

बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात सही असायची, ‘वाल्मिक आर्ट, राहाता’. ती अक्षरं गोजरबाई काढायची, कारण तिचं अक्षर वळणदार. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याखेरीज कधी तोंडानं घेतलं नाही, पण दर गुरुवारी, बोर्ड चढायच्या आदल्या दिवशी, बारीक ब्रशनं लिहिलं. तीस वर्षांचे गुरुवार म्हणजे किती झाले ते ज्याचं त्यानं बघावं.

मग वाल्मिकचा हात थरथरायला लागला. हिरोच्या पापणीची रेघ गालावर उतरली त्या दिवशी तो ब्रश ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. मॅनेजरला कळलं असतं तर काम बाहेरच्या पेंटरकडे गेलं असतं.  गोजरबाईनं हिरोच्या फोटोवर चौकटी आखल्या, नीळ लावलेल्या सुतळीचे फटके मारून तितक्याच चौकटी कापडावर आखल्या, आणि आयुष्यातला पहिला चेहरा काढला. जमिनीवर तो हुबेहूब दिसत होता. शुक्रवारी बोर्ड वर चढला आणि सगळा बाजार हसायला लागला. हिरोला कपाळच नव्हतं. हनुवटी ही एवढी, आणि केस थेट भुवयांवर.

वाल्मिकनं चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगून सगळं आपल्या अंगावर घेतलं. घरी आल्यावर तिला म्हणाला की चूक माझी, तुला सांगायचंच राहिलं. बघणारा खाली उभा असतो, हनुवटी त्याला जवळ आणि कपाळ लांब. लांबचं आखूड दिसतं. म्हणून वरच्या चौकटी उंच आखायच्या, दहा फुटी तोंडाला कपाळ हातभर जास्त द्यायचं. चोवीस वर्षं ती लांबलचक कपाळं पडवीत बघत आली होती आणि हिरो लोकांची कपाळं मोठीच असतात, असं समजत होती. त्यानंतर सहा वर्षं, फ्लेक्स येऊन बोर्ड बंद पडेपर्यंत, गुलाब टॉकीजचा प्रत्येक चेहरा तिनं काढला. सही त्याचीच राहिली. सांगाड्यावर चढून सांधे तो बुजवायचा, तेवढ्याला हात थरथरला तरी चालतं. कुणाला संशय आला नाही, निदान ती तरी असंच समजत होती. टॉकीज बंद पडली, दोन वर्षांनी वाल्मिकही गेला.

गेल्या दिवाळीनंतर टॉकीजच्या जुन्या मालकांचा, आप्पासाहेबांचा नातू हर्षल तिच्या दारात आला. पुण्यात शिकून आलेला, बोलायला गोड पोरगा. टॉकीज पाडून त्यानं दोन छोट्या पडद्यांचं थिएटर बांधलं होतं, पण दर्शनी भिंत आणि तो लोखंडी सांगाडा तसाच ठेवला होता. त्याला उद्घाटनासाठी वाल्मिकबाबांचा एखादा जुना बोर्ड हवा होता. गोजरबाई हसली. जुना बोर्ड कुठला असणार? एका सिनेमाचं कापड धुऊन, वर पुन्हा खडू लावून दुसरा सिनेमा रंगायचा. तीस वर्षांचं काम आणि घरात हातरुमालाएवढा तुकडा नाही.

हर्षल खट्टू होऊन उठला, तेव्हा ती म्हणाली की नवा करून देते. त्यानं तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पडवीत टांगलेल्या ब्रशांकडे पाहिलं. ब्रश स्वच्छ होते, केस ताठ होते. तेरा-चौदा वर्षं ते कोण धूत होतं हे त्याला कळलं असावं. त्यानं होकार दिला. अट एकच, कुठल्याही खऱ्या नटाचं तोंड नको, भानगड नको. बाकी तुमच्या मनानं करा.

तुमच्या मनानं करा, हे वाक्य गोजरबाईला जन्मात कुणी म्हटलेलं नव्हतं. रात्री तिनं पेटी उघडली. कव्हरांच्या खाली निवडणूक ओळखपत्राला काढलेला नवऱ्याचा एक फोटो होता, वाकडा, घाबरल्यासारखा. तेवढा एकच. ती त्याच्याकडे बघत बसली आणि तिचं ठरलं. ज्याची गावानं पाठच पाहिली, त्याचं तोंड आता त्याच सांगाड्यावर चढवायचं, एकदा तरी रस्त्याकडे करून. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. म्हातारीला चळ लागला म्हणाले असते.

महिनाभर काम चाललं. सुतळीचे फटके मारताना वरच्या चौकटी तिनं उंच आखल्या. वाल्मिक तिनं तिशीतला काढला, फोटोवरून नाही, आठवणीतून. एका गालावर नारिंगी उजेड, दुसऱ्यावर निळा. खांद्याखाली हिरोईन काढली ती कुणासारखीच नाही, पण नेसलेली मात्र अशी की कुणी नावं ठेवून दाखवावीत. मागं हिरवट खलनायक आहे. तो कुणासारखा दिसतो हे गोजरबाई सांगत नाही. राहात्यात फ्लेक्सचं पहिलं मशीन आणणारे गृहस्थ आता हयात नाहीत, तेव्हा आपणही विचारायला नको. कधी कधी गालावर रंग लावता लावता तिचा हात थांबायचा आणि ती नुसतीच त्या गालावर तळवा ठेवून बसायची. तो गेल्यापासूनची सगळी वर्षं एकदम दाटून यायची. मग पुन्हा ब्रश घ्यायची.

उद्घाटनाच्या सकाळी ती टॉकीजवर पोचली तेव्हा बोर्ड आत, तिकीट खिडकीशेजारी जमिनीवर उभा केलेला होता. भोवती दिव्यांची माळ. लोकांनी पुढं उभं राहून फोटो काढावेत अशी ती योजना होती. सांगाड्यावर मोठा फ्लेक्स चढायचा होता, त्यावर हर्षलचे वडील हात जोडून.  त्यात हर्षल अडखळत सांगत होता की बोर्ड एक नंबर झालाय, पण सगळे म्हणतात हिरोचं कपाळ जरा जास्तच झालंय. डोक्यावर मडकं ठेवल्यासारखं दिसतं. दोन पोरं तर फोटो काढून हसत होती. रंग आहेतच, तर तेवढं कमी करता येईल का, असं त्यानं आदबीनं विचारलं.

पहिल्या दिवशी कपाळ नाही म्हणून हसले, आज कपाळ आहे म्हणून हसतायत. तिला रडू आलं, आणि रडण्याआधी राग आला. पण नवऱ्याचं तोंड हसण्यावारी जाताना बघत उभं राहणारी ती बाई नव्हे. तिनं हर्षलच्या हाताला धरलं आणि बोर्डाच्या पुढ्यात फरशीकडे बोट केलं.

“खाली बस,” ती म्हणाली. “पार खाली. आता मान वर कर आन बघ.”

नवे कपडे घातलेला मालक मांडी घालून फरशीवर बसला. त्यानं वर पाहिलं.  मडकं उतरलं होतं. एक देखणा, हसरा माणूस त्याच्याकडे रोखून बघत होता.

“आजी, हे कसं झालं?”

“हे वरचं हाय बाळा. जमिनीवर ठेवाया न्हाई काढलं. सांगाड्यावर चढव, न्हाईतर मी माघारी नेते.”

फ्लेक्स तसाच गुंडाळलेला राहिला. वडिलांना काय सांगायचं ते हर्षल बघून घेणार होता. बोर्ड बांधायला मात्र आता कुणाला येत नव्हतं, तेव्हा समोरच्या चहावाल्या बजरंगला हाक मारली गेली. बजरंग पूर्वी टॉकीजचा दोरवाला. दर शुक्रवारी बोर्ड ओढायचं काम त्याचं. आता सत्तरीचा आहे, पण गाठी विसरला नव्हता. त्यानं चार जणांना दोर दिले, आवाज दिला आणि बोर्ड वर गेला.

गोजरबाई रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी जाऊन उभी राहिली. इथं उभं राहून बोर्ड बघायची तिची पहिलीच वेळ. एरवी बाजाराच्या पिशवीआडून चालता चालता बघायची, थांबायची नाही. आज ती मान वर करून सरळ बघत राहिली. कपाळ बेताचं झालं होतं, हनुवटी जागेवर आली होती. एक एसटी हळू झाली आणि खिडक्यांतली तोंडं वर वळली. तिला वाटलं, आता मेले तरी चालेल, पण जरा वेळानं.

बजरंग दोर गुंडाळत शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं वर पाहिलं आणि खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले.

“वाल्मिक हाय ह्यो,” तो म्हणाला. “बराबर काढलाय, वहिनी.”

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“शुक्रवारी बोर्ड चढला की तो खाली उतरून हितंच यायचा, ह्याच जागी. चहा घ्यायचा आन मला सांगायचा, पदर तिचा हाय, अक्षर तिचं हाय. मागनं हात गेला तवा म्हनायचा, बजरंग, आता समदं तिचंच हाय, माझी निस्ती सही हाय. कुनाला बोलू नको म्हनला, म्हनून बोललो न्हाई. दर शुक्रवारी सांगायचा, जसं काय मला म्हाईतच न्हाई.”

गोजरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही. घरात त्या माणसानं चांगलं झालंय एवढंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. हातात ब्रश द्यायचा, तेवढंच.

हर्षल रस्ता ओलांडून आला. उजव्या कोपऱ्यात सही राहिलीय, असं तो म्हणाला. विसरून राहिली नव्हती. महिनाभर तिला तिथं काय लिहावं ते सुचलं नव्हतं. ज्याचं तोंड वर आहे त्याच्याच नावानं सही कशी करायची, आणि स्वतःचं नाव लिहायला हात धजावला नव्हता.

बजरंगनं गुंडाळलेला दोर पुन्हा खांद्यावरून उतरवला.

“वहिनी, खाली घेऊ का बोर्ड?”

“घ्या भाऊजी,” गोजरबाई म्हणाली.

तिनं पिशवीत हात घातला. बारीक ब्रश सकाळपासून तिथंच होता, आणि पांढऱ्या रंगाची डबीही.